श्रमशक्ती नीतीचा मसुदा: मनुस्मृतीच्या उल्लेखापलीकडे काय लिहिले आहे?

केंद्रीय श्रम आणि रोजगार मंत्रालयाने ८ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘श्रमशक्ती नीती २०२५’ या नावाने देशाच्या श्रम व रोजगार धोरणाचा मसुदा जाहीर केला. हरकती आणि सूचना पाठवण्यासाठी २७ ऑक्टोबरपर्यंतची मुदत दिली. म्हणजे तीन आठवडेही नाहीत, आणि तेही ऐन दिवाळीचे दिवस. श्रमाविषयीच्या भारतीय परंपरेचा दाखला देताना या मसुद्यात मनुस्मृती, याज्ञवल्क्यस्मृती, नारदस्मृती, शुक्रनीती आणि अर्थशास्त्र यांची नावे घेतली गेली. त्यावरून वाद झाला. आपल्या समाजातही संताप व्यक्त झाला आणि तो रास्तच होता.

पण काही दिवसांतच विषय थंड झाला. मसुद्यातले बाकीचे काय, यावर आपल्या विहारांत, अभ्यासिकांत, संघटनांच्या बैठकांत फारशी चर्चा झाली नाही. मनुस्मृतीचे नाव उद्या वगळलेही जाईल. मसुद्यातला मूळ विचार मात्र तसाच राहिला, तर आपल्या पुढच्या पिढीच्या पोटापाण्यावर त्याचा परिणाम होणार आहे. त्यामुळे या धोरणाकडे आणि त्याच्या आगेमागे आलेल्या निर्णयांकडे एकत्र पाहायला हवे.

मनुस्मृतीचा प्रश्न हा रोजगाराचाच प्रश्न

आधी त्या उल्लेखाबद्दल. काही जण म्हणतात, जुन्या ग्रंथाचे नाव आले तर एवढे काय बिघडले? बिघडते, कारण मनुस्मृती हा कोणी कोणते काम करावे हे जन्मावरून ठरवणारा ग्रंथ आहे. रोजगार धोरणाचा पायाच मुळी माणसाला काम निवडण्याचे स्वातंत्र्य असणे हा आहे. भारताने १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १२२ व्या कराराला मान्यता दिली. त्या करारात पूर्ण, उत्पादक आणि स्वेच्छेने निवडलेला रोजगार हे राष्ट्रीय धोरणाचे उद्दिष्ट ठरवले आहे. ‘स्वेच्छेने निवडलेला’ हा शब्द आणि मनुस्मृती एका कागदावर नांदू शकत नाहीत.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन केले, हे आपल्याला पाठ आहे. त्यांनी १९३६ मध्ये ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये मांडलेला आर्थिक मुद्दा मात्र आपण कमी सांगतो. उद्योगधंदे बदलतात तसे माणसाला काम बदलता आले पाहिजे. जात त्याला बदलू देत नाही, म्हणून देशातल्या बेकारीचे एक थेट कारण जात आहे, असे त्यांचे विवेचन होते.

हा इतिहास संपलेला नाही. गटारे आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या कामगारांची केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेखाली नोंदणी सुरू झाली. २०२४ पर्यंत नोंद झालेल्या सुमारे ३८ हजार कामगारांपैकी जवळपास ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के आहे. ‘श्रमधर्मा’ची भाषा करणाऱ्या धोरणाने या एका आकड्यापासून सुरुवात करायला हवी होती.

आणि प्राचीन परंपरेचाच दाखला द्यायचा तर दीघनिकायातले कूटदंत सुत्त आहे. राज्यात चोऱ्या-लूट वाढली तेव्हा राजा महाविजिताला त्याचा पुरोहित सांगतो की शिक्षा करून हे थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बियाणे द्या, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्या, राज्याची चाकरी करणाऱ्याला अन्न आणि वेतन द्या, मग लोक आपापल्या कामात गुंततील आणि राज्य शांत होईल. उपजीविका पुरवणे ही राज्याची जबाबदारी आहे, हा विचार या भूमीत अडीच हजार वर्षे जुना आहे. मसुदा लिहिणाऱ्यांना तो आठवला नाही.

आकडे काय सांगतात, काय लपवतात

सरकारचे म्हणणे आहे की बेरोजगारी घटली. सरकारी श्रमशक्ती पाहणीनुसार १५ वर्षांवरील लोकांतील बेरोजगारीचा दर २०१७-१८ मध्ये ६.० टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ३.२ टक्के झाला. आकडा खरा आहे. पण या पद्धतीत वर्षभरात ३० दिवस जरी काम केले असेल, तरी माणूस रोजगारात धरला जातो. घरच्या शेतात किंवा दुकानात एक पैसाही न घेता राबणारी व्यक्तीही रोजगारात असते.

त्याच पाहणीतले दुसरे आकडे पाहा. २०१७-१८ मध्ये काम करणाऱ्यांपैकी ५२.२ टक्के लोक स्वयंरोजगारात होते, २०२३-२४ मध्ये ते ५८.४ टक्के झाले. नियमित पगारी नोकरी असलेल्यांचे प्रमाण २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर आले. शेतीवर अवलंबून असलेल्यांचे प्रमाण ४४.१ वरून ४६.१ टक्के झाले. देश विकसित होतो तेव्हा माणसे शेतीतून कारखान्यांत आणि सेवा क्षेत्रात जातात. आपल्याकडे ती उलटी चालली आहेत.

बाबासाहेबांनी १९१८ मध्ये लहान शेतजमिनींवरच्या आपल्या निबंधात हाच धोका दाखवला होता. जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे बसली आहेत, त्यांचे हात रिकामे आहेत, आणि त्यांना शेतीबाहेर काढणारे औद्योगिकीकरण हाच उपाय आहे, असे ते सांगत होते. एकशे आठ वर्षे होत आली. आणि ज्याला जमीनच नाही, त्याच्यासाठी ‘शेतीत रोजगार वाढला’ याचा अर्थ दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी असाच होतो.

स्त्रियांच्या बाबतीत तर आणखी सावध राहायला हवे. श्रमशक्तीतील स्त्रियांचा सहभाग २३.३ टक्क्यांवरून ४१.७ टक्क्यांवर गेल्याचे पाहणी सांगते. ही वाढ मोठ्या प्रमाणात ग्रामीण भागातली, शेतीतली आणि घरच्या बिनपगारी कामातली आहे. श्रमशक्ती नीतीच्या मसुद्यात मात्र २०३० पर्यंत स्त्रियांचा सहभाग ३५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. पाहणीतला आकडा आधीच त्याच्या पुढे असेल, तर उद्दिष्ट कोणत्या पायावर ठरवले? घरच्या बिनपगारी राबण्याला सरकार स्वतःच रोजगार मानत नसेल, तर तसे स्पष्ट म्हणावे.

शिकलेल्यांची बेकारी

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांचा ‘भारत रोजगार अहवाल २०२४’ आपल्या समाजासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. २०२२ मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये बेरोजगारी ३.४ टक्के होती. पदवीधर तरुणांमध्ये ती २९.१ टक्के होती. म्हणजे जवळपास नऊपट.

अशिक्षित गरीब माणसाला बेकार राहणे परवडत नाही, तो मिळेल ते काम पत्करतो. ज्याच्या आईवडिलांनी कर्ज काढून शिकवले, तो पदवीच्या तोलाचे काम शोधत थांबतो. २०११ च्या जनगणनेत बौद्धांची साक्षरता ८१ टक्क्यांच्या वर, देशाच्या सरासरीपेक्षा जास्त होती. ‘शिका’ हा आदेश आपल्या समाजाने मनापासून पाळला. शिक्षणानंतरचे दार मात्र आता किलकिले होत चालले आहे, आणि त्याचा फटका जो समाज शिकून पुढे आला त्यालाच आधी बसतो.

महाराष्ट्रातले चित्र डोळ्यांसमोर आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले, एका पदामागे सव्वादोनशेच्या आसपास. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदांसाठी १७ लाखांवर अर्ज आले, एका पदामागे सुमारे शंभर. तलाठी परीक्षेचे शुल्क खुल्या वर्गाला १,००० आणि मागासवर्गीयांना ९०० रुपये होते. वस्तीत काम करताना मी पाहते, रोजंदारीवर जाणारी आई दोन-तीन दिवसांची मजुरी मुलाच्या एका अर्जासाठी बाजूला ठेवते. असे वर्षाला चार-पाच अर्ज होतात.

नोकरी देणारे सरकार आणि पत्ता सांगणारे सरकार

आता मसुद्याच्या गाभ्याकडे येऊ. मसुदा म्हणतो की यापुढे श्रम मंत्रालय ‘एम्प्लॉयमेंट फॅसिलिटेटर’ असेल, म्हणजे रोजगारासाठी सोय करून देणारा. ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ हे संकेतस्थळ रोजगाराची डिजिटल पायाभूत व्यवस्था बनेल. तिथे नोकरी शोधणारा आणि नोकर शोधणारा यांची गाठ पडेल. भविष्य निर्वाह निधी, ईएसआयसी, ई-श्रम आणि आरोग्य विमा यांना जोडून प्रत्येक कामगाराचे एकच सामाजिक सुरक्षा खाते असेल.

यातले सगळेच वाईट नाही. एका शहरात पीएफ कापला गेला आणि दुसऱ्या शहरात त्याचा पत्ताच नाही, अशी हजारो स्थलांतरित कामगारांची अवस्था आहे. एक खाते असेल तर त्यांना खरोखर मदत होईल. ती सुधारणा आपण मागितलीच पाहिजे.

पण नोकऱ्या कमी आहेत, हा आजार असेल तर नोकरी शोधण्याचे संकेतस्थळ हे त्यावर औषध होत नाही. एका जागेसाठी शंभर अर्ज येतात, ते तरुणांना जागेचा पत्ता सापडला म्हणूनच येतात.

शिवाय रोजगार विनिमयाची कल्पना काही नवी नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि त्याच काळात, १९४५ मध्ये देशात रोजगार विनिमय केंद्रांच्या राष्ट्रीय सेवेची पायाभरणी झाली. त्या व्यवस्थेच्या मागे नोकरी निर्माण करणारे, वीज-पाण्याचे प्रकल्प उभारणारे राज्य असेल, हे बाबासाहेबांनी गृहीत धरले होते. १९४७ च्या ‘राज्य आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग आणि विमा सरकारच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली, ती यासाठीच. आजच्या मसुद्यात विनिमय केंद्र राहिले आहे, त्याच्या मागचे राज्य मात्र मागे सरकले आहे.

हे मागे सरकणे आपल्याला किती महाग पडते, याचा साधा हिशेब करून पाहा. केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमांत २०१३ मध्ये १७.३ लाख कर्मचारी होते आणि त्यांतले सुमारे १९ टक्के कंत्राटी वा रोजंदारीवर होते. २०२२ मध्ये एकूण कर्मचारी १४.६ लाख झाले आणि कंत्राटी-रोजंदारीचे प्रमाण ४२.५ टक्क्यांवर गेले. म्हणजे कायम नोकऱ्या साधारण १४ लाखांवरून ८.४ लाखांवर आल्या. साडेपाच लाखांहून अधिक कायम जागा नऊ वर्षांत गेल्या. अनुसूचित जातींचे १५ टक्के आरक्षण धरले, तर त्यांतल्या ८० हजारांहून अधिक जागा आपल्या असायला हव्या होत्या. आरक्षणाच्या विरोधात एकही कायदा न करता हे घडले.

केंद्र सरकारच्या खात्यांतही १ मार्च २०२१ रोजी ४०.३५ लाख मंजूर पदांपैकी ९.७९ लाख रिकामी होती. जून २०२२ मध्ये दीड वर्षात दहा लाख पदे भरण्याची घोषणा झाली आणि पुढे रोजगार मेळ्यांतून नियुक्तिपत्रे वाटली गेली. पण पद रिकामे झाल्यावर ते नियमित भरती प्रक्रियेतून वेळेत भरणे हे सरकारचे रोजचे काम आहे. त्याचा सोहळा करावा लागतो, यातच काम किती थकले होते ते दिसते.

महाराष्ट्रात ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ खासगी संस्थांमार्फत सरकारी कामासाठी मनुष्यबळ घेण्याचे ठरले. तरुण रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. हा विजय लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण लढले तर निर्णय बदलतो. पण शासन निर्णय रद्द झाला म्हणून कंत्राटी पद्धत थांबली, असे नाही. रुग्णालये, नगर परिषदा, शाळा, वीज कंपन्या, कुठेही जाऊन पाहा. झाडूवाला, शिपाई, डेटा एंट्री ऑपरेटर, सुरक्षारक्षक, परिचारिका एजन्सीमार्फत आहेत. संविधानाच्या कलम १६(४) मधले आरक्षण राज्याच्या सेवेतील नियुक्त्यांना आहे. माणूस काम सरकारचे करतो, पण कागदावर ठेकेदाराचा असतो. बिंदुनामावली तिथे पोहोचतच नाही.

पैसा मालकाला, भरवसा कोणाला?

सरकारचा सध्याचा सगळा भर मालकाला अनुदान देऊन नोकऱ्या वाढवण्यावर आहे. १४ उद्योगांसाठी सुमारे १.९७ लाख कोटींची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना आली आणि त्यातून पाच वर्षांत ६० लाख नोकऱ्या निर्माण होऊ शकतील, असे २०२२ च्या अर्थसंकल्पात सांगितले गेले. त्यानंतर २०२४ च्या अर्थसंकल्पात पाच योजनांचे पॅकेज आले. त्यातलीच रोजगार प्रोत्साहन योजना १ ऑगस्ट २०२५ पासून ‘प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना’ म्हणून लागू झाली. तिच्यासाठी ९९,४४६ कोटींची तरतूद आहे आणि दोन वर्षांत साडेतीन कोटी नोकऱ्यांचे लक्ष्य आहे. पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला १५ हजारांपर्यंतची रक्कम दोन हप्त्यांत मिळते. मालकाला प्रत्येक नव्या कामगारामागे महिन्याला ३ हजारांपर्यंत रक्कम दोन वर्षे, आणि कारखानदारी असेल तर चार वर्षे मिळते.

पहिला प्रश्न: मालाला मागणी नसेल तर केवळ ३ हजारांसाठी कोणता मालक नवा माणूस घेईल? आणि ज्याला माणूस घ्यायचाच होता, त्याने घेतलेल्या माणसामागे सरकारने पैसे का द्यावेत? तरुणाला दुसरा हप्ता बारा महिने नोकरी टिकल्यावर मिळतो. मालकाचे अनुदान संपल्यावर तोच तरुण कामावर राहील, याची हमी काय?

दुसरा प्रश्न आपला खास आहे. मालक कोणाला घेईल? सुखदेव थोरात आणि पॉल अट्टेवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवा. वर्तमानपत्रांत आलेल्या ५४८ खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि पात्रता तोडीची, बदलले फक्त नाव. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता दोन तृतीयांश भरली, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. मुलाखतीची वेळ यायच्या आधीच हे घडते. मग सार्वजनिक पैशातून खासगी नोकऱ्या निर्माण होत असतील, तर त्या कोणाला मिळाल्या हे विचारण्याचा हक्क जनतेला आहे.

तिसरी गोष्ट प्रशिक्षणाची. केंद्राच्या इंटर्नशिप योजनेत महिन्याला ५ हजार रुपये होते. महाराष्ट्राच्या ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजने’त बारावी झालेल्याला ६ हजार, आयटीआय वा पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये ठरले. मुदत आधी सहा महिन्यांची होती, ती पुढे अकरा महिने झाली. मुदत संपल्यावर हेच प्रशिक्षणार्थी कायम करा म्हणून आंदोलनाला बसले. ज्या कार्यालयात पद रिकामे होते तिथे त्यांनी पदाचे काम केले, पण पदावर त्यांचा हक्क तयार झाला नाही.

याच सुमारास २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. कामगार कमी करण्यासाठी सरकारची परवानगी आधी १०० कामगारांच्या कारखान्याला लागत होती, आता ३०० च्या. कंत्राटी कामगारांचा कायदा २० कामगारांपासून लागू होता, आता ५० पासून. त्याआधी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाच्या कामाची कमाल मर्यादा ९ वरून १२ तास करण्याचा निर्णय घेतला होता. आठ तासांच्या दिवसासाठी आणि आठवड्याच्या ४८ तासांसाठी ज्यांनी सरकारात बसून प्रयत्न केले, त्यांची जयंती याच राज्यात सर्वांत मोठ्या प्रमाणात साजरी होते.

हमी गेली की काय उरते?

रोजगाराच्या बाबतीत महाराष्ट्राने देशाला एक मोठी देणगी दिली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने सुरू झालेली, १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना काम देणारी आणि १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेली रोजगार हमी योजना. शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून गावातल्या मजुराला काम, असा तो विचार होता. त्याच धर्तीवर २००५ मध्ये राष्ट्रीय कायदा झाला. त्यातल्या कामाच्या दिवसांत निम्म्याहून अधिक वाटा स्त्रियांचा आणि जवळपास पाचवा हिस्सा अनुसूचित जातींचा राहिला. मजुरी वेळेवर न मिळणे, खोटे मस्टर, हे दोष होतेच. तरी गावातल्या दलित मजुराला ‘तुझ्या शेतावर नाही आलो तरी माझे अडत नाही’ असे म्हणण्याची ताकद या कायद्याने दिली.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी ‘विकसित भारत – रोजगार आणि आजीविका हमी अभियान (ग्रामीण)’ हा कायदा संमत केला. दिवस १०० वरून १२५ झाले, हे स्वागतार्ह. पण खर्चाची विभागणी आता केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के अशी आहे. आधी अकुशल मजुरीचा पूर्ण खर्च केंद्र करत होते. कोणत्या राज्याला किती पैसा हे केंद्र आधी ठरवणार आणि त्यावरचा खर्च राज्याने सोसायचा. पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातले ६० दिवस काम बंद ठेवता येणार. नेमक्या त्याच दिवसांत मजुराला शेतमालकाशी मजुरीचा भाव ठरवायचा असतो. हातातला दुसरा पर्याय त्याच वेळी काढून घेतला, तर भाव कोण ठरवणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

‘सरकार सगळ्यांना नोकरी कशी देणार?’

हा आक्षेप आपल्यातलेही अनेक जण घेतात आणि तो टाळून चालणार नाही. खरेच आहे, सरकार सगळ्यांना नोकरी देऊ शकत नाही. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीनुसार २०३० पर्यंत देशाला शेतीबाहेर दरवर्षी सरासरी ७८.५ लाख नोकऱ्या निर्माण कराव्या लागतील. एवढ्या सरकारी जागा कधीच निघणार नाहीत. सर्व रिकामी पदे उद्या भरली तरी आपल्या बहुसंख्य तरुणांना खासगी क्षेत्रात किंवा स्वतःच्या धंद्यातच जावे लागेल.

म्हणून दोन गोष्टी एकाच वेळी बोलायला हव्यात. एक, रिकामी पदे भरणे हे सरकारचे कर्तव्य आहे. शाळेत शिक्षक, दवाखान्यात परिचारिका नसणे हा नोकरीच्या आधी सेवेचा प्रश्न आहे, आणि तो सर्वांत जास्त आपल्याच वस्त्यांना भोवतो. दोन, अभ्यासिकेत वयाची बत्तिशी गाठणाऱ्या मुलामुलींशी संघटनांनी खरे बोलायला हवे. परीक्षा द्या, पण किती वर्षे, आणि बाजूला कोणते कौशल्य, कोणती दुसरी वाट, हे पहिल्याच वर्षी ठरवा. यशस्वी उमेदवाराच्या सत्काराला आपण सगळे जातो. उरलेल्या दोनशे जणांचे काय, यावर एकही बैठक होत नाही.

मागायचे काय आणि करायचे काय?

हरकतींची मुदत संपली म्हणजे बोलण्याचा हक्क संपला असे नाही. खासदारांकडे, राज्याच्या श्रम विभागाकडे आणि विधिमंडळात या मागण्या नेता येतात.

१. रोजगार धोरणातून मनुस्मृतीचा उल्लेख काढावा आणि धोरणाचा पाया संविधानाचे कलम १४ ते १७, ३९ आणि ४१ हा असावा.

२. उत्पादन-संलग्न प्रोत्साहन आणि विकसित भारत रोजगार योजनेखाली अनुदान घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने किती अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि स्त्रियांना काम दिले हे दरवर्षी जाहीर करावे. खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी जुनी आहे. निदान सरकारी पैसा घेणाऱ्यांपासून त्याची सुरुवात व्हावी.

३. कायम स्वरूपाच्या कामावर ठेकेदार नको. जिथे तो आहे तिथे बिंदुनामावली लागू करावी. केंद्राच्या नियमानुसार ४५ दिवस वा त्याहून अधिक काळाच्या तात्पुरत्या नियुक्त्यांना आरक्षण लागू आहे. मग एजन्सीच्या आडून ते का टळावे?

४. शहरी रोजगार हमीचा कायदा करावा. केरळने अय्यंकालींच्या नावाने आणि राजस्थानने २०२२ मध्ये शहरी रोजगाराच्या योजना आणल्या. रोजगार हमीचे माहेरघर असलेल्या महाराष्ट्राने मागे का राहावे?

५. केंद्रीय खात्यांच्या आणि उपक्रमांच्या खरेदीत ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योजकांकडून करण्याचे धोरण २०१२ पासून आहे. त्याचा जिल्हावार हिशेब मिळावा.

या झाल्या सरकारकडे करायच्या मागण्या. आपल्या हातात असलेले कामही कमी नाही. आपल्या नगर परिषदेत, जिल्हा परिषदेत, शासकीय रुग्णालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचे शुल्क आहे. मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, अनुशेष किती आणि बिंदुनामावली शेवटची कधी तपासली, एवढे पाच प्रश्न विचारा. एका तालुक्याचे उत्तर हातात आले की निवेदनाला वजन येते.

वस्तीत जे ठेकेदाराकडे कामाला आहेत त्यांच्या वेतनचिठ्ठ्या एकत्र बसून वाचा. पीएफ कापला जातो का, खात्यात जमा होतो का, ईएसआयसीचे कार्ड आहे का, किमान वेतन मिळते का, हे तपासा. ठेकेदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे बहुतेकांना माहीतच नसते. आणि कामगार संघटनांशी नाते जोडा. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, तेव्हा जात आणि मजुरी हे दोन वेगळे लढे नाहीत हे त्यांनी कृतीने दाखवले होते.

आपल्या आधीच्या पिढीतल्या अनेक कुटुंबांत एक कायमची नोकरी आली आणि घर पालटले. रेल्वेत, पोस्टात, शाळेत, बँकेत. त्या एका पगारावर भावंडे शिकली, पक्के घर झाले, आणि गावात मान वर करून चालता आले. ती शिडी कोणी जाहीरपणे काढून घेतलेली नाही. तिची एकेक पायरी कंत्राटी होत चालली आहे. श्रमशक्ती नीतीच्या मसुद्यावर आपण बोलायचे ते यासाठी, आणि मसुद्याचे पक्के धोरण होण्याआधी बोलायचे.

जय भीम!